शिबिरात बोटं का वळतात?

आमच्या सोसायटीतले एक काका श्वसन-शिबिराहून परतले ते भेटेल त्याला सांगतच, "कुंडलिनी जागृत झाली." हातांत झिणझिण्या आल्या, बोटं आपोआप मुद्रेत वळली, अंग पिसासारखं हलकं झालं, डोळ्यांपुढे प्रकाश पसरला. काही जण त्यांच्या पाया पडले, काही पाठीमागे हसले. मला दोन्ही पटलं नाही, कारण काका खोटं बोलत नव्हते. मी एवढंच विचारलं, "काका, श्वास किती जोरात चालला होता?" म्हणाले, "भात्यासारखा. तासभर, न थांबता."

अशा शिबिरांत सांगतात की जोरात श्वास घेतला की भरपूर ऑक्सिजन मिळतो. पण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन धमन्यांत एरवीच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्यात आणखी मावणार किती? खरा बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो, तो भराभर श्वासोच्छ्वासाने २० पर्यंत घसरू शकतो. त्याबरोबर मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तपुरवठा जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. वर अशा रक्तातलं हिमोग्लोबिन हातचा ऑक्सिजन सहजी सोडत नाही. श्वास वाढला आणि मेंदूच्या वाट्याचा ऑक्सिजन घटला! तरंगणं, प्रकाश, वेळेचं भान सुटणं, यातलं बरंचसं इथून येतं.

आता बोटं. हा माझा आवडता भाग. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की रक्ताची आम्लता कमी होते, सामू (pH) नेहमीच्या ७.४ च्या वर सरकतो. अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेले हायड्रोजन आयन सुटतात आणि त्या रिकाम्या जागा कॅल्शियमचे आयन बळकावतात. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, पण मोकळं कॅल्शियम कमी होतं. हे मोकळं कॅल्शियम एरवी चेतातंतूंच्या पटलावरच्या सोडियमच्या वाटा सहजासहजी उघडू देत नाही. ते घटलं की त्या क्षुल्लक कारणानेही उघडतात आणि तंतू विनाकारण संदेश सोडू लागतात. संवेदनांचे तंतू चाळवले की ओठांभोवती आणि बोटांत झिणझिण्या येतात. स्नायूंचे चाळवले की मनगट वाकतं, बोटं ताठ होऊन एकमेकांना भिडतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो. हीच ती मुद्रा. घाबरून धापा टाकत कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाचे हातही असेच वळतात. तिथे त्याच्या पाया कुणी पडत नाही.

श्वास संथ झाला की थोड्याच वेळात हे ओसरतं. त्याला 'क्वांटम ऊर्जा' म्हणून पुढच्या लेव्हलची फी घेणाऱ्यांबद्दल मात्र मला जराही सहानुभूती नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढताना डॉक्टर मुद्दाम तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, कारण काही जणांत त्याने दबलेली अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) लक्षणं वर येतात. फिट येतात का, हे शिबिरात कुणी विचारतं का?

काकांना मिळालेली शांतता मी हिरावून घ्यायला गेलो नाही. काकूंना मात्र बाजूला घेऊन विचारलं, झोप नीट लागते ना? कारण शिबिर संपून आठवडा उलटला तरी माणूस रात्र रात्र जागा, अखंड बोलतोय, पैसे वाटत सुटलाय, असं असेल तर कॅल्शियमचं स्पष्टीकरण पुरत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, आणि तेही लवकर.