सागाचा गाभा आणि जहाजाचा खिळा

लकडगंजातल्या आरा मशीनवर दाराच्या चौकटीसाठी लाकूड बघत होतो. "आलापल्लीचं सागवान हाये भाऊ, याले वाळवी लागत नाही," मिस्त्री म्हणाला. फळीच्या कडेला मात्र दोन बोटं रुंद पांढरट पट्टा होता, आणि वाळवी सुरुवात तिथूनच करते.

वाळवी न लागण्याचं श्रेय फक्त तपकिरी गाभ्याचं. झाड वाढताना आतल्या पेशी मरतात आणि तिथे टेक्टोक्विनोनसारखी रसायनं साठतात. वाळवीला ती सोसत नाहीत. नव्वदच्या दशकात 'साग लावा, श्रीमंत व्हा' म्हणणाऱ्यांनी भोळ्या लोकांचे पैसे घेतले, पण कोवळ्या झाडात गाभा फार कमी असतो हे कुणी सांगितलं नाही.

गाभ्याचा खरा पराक्रम समुद्रावर दिसतो. इंग्लंडची लढाऊ जहाजं ओकची, आणि ओकमध्ये टॅनिन भरपूर. आपल्याकडे हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांचा तो रंग. ओल्या ओकमध्ये लोखंडी खिळा ठोकला की हेच घडतं. त्यात ओकमधून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, हळूहळू सुटत राहतं. आम्ल लोखंड विरघळवतं, विरघळलेलं लोह टॅनिनला बांधलं जातं आणि खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. पुढे हेच लोह लाकडाचे धागेही कमकुवत करतं. खिळा झिजतो, भोक मोठं होतं, फळी सुटते. सागाचा गाभा तेलकट, पाणी सहज आत घेत नाही, आणि त्यात लोखंड ओकच्या मानाने कितीतरी जास्त टिकतं.

म्हणून मुंबईच्या गोदीला काम मिळालं. 1736 मध्ये सुरतेहून जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया आले, 1750 मध्ये सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून कोरडी करता येणारी गोदी, झाली. मलबारच्या सागाचं 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज 1817 मध्ये तिथेच पाण्यात उतरलं आणि इंग्लंडातल्या हार्टलपूलला ते आजही तरंगतंय! एका जहाजावर सुतार, करवतकरी, लोहार, दोर वळणारे, शिडं शिवणारे, फटी बुजवणारे असे किती संसार चालत. त्याआधी जंगलात लाकूड तोडणारे आणि ओंडके ओढणाऱ्या हत्तींचे माहूत. पुढे लोखंडी आगबोटी आल्या, तशी रिव्हेट ठोकणाऱ्यांना आणि बॉयलर बसवणाऱ्यांना मागणी आली.

मिस्त्रीला पांढरा पट्टा करवतीनं काढायला लावला. फळी दोन बोटं अरुंद झाली. "आता बसवा," म्हटलं.