घरच्या स्टुडिओसाठी बाहेरची डिस्क: पैसे कशावर घालावेत?

गाणं रेकॉर्ड करायला थंडरबोल्टचीच (यूएसबीपेक्षा वेगवान, महागड्या जोडणीची) डिस्क लागते, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आधी हिशेब बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या रेकॉर्डिंगच्या दर्जावर एका मोनो ट्रॅकला सेकंदाला ०.१४४ एमबी लागतात. तबला-डग्ग्याला दोन माइक, पेटीला एक, गळ्याला एक, मग टाळ, कोरस असं करत २४ ट्रॅक झाले तरी सगळे मिळून साडेतीन एमबी. जुनं यूएसबी २.० सुद्धा सेकंदाला तीसेक एमबी सहज नेतं. नुसतं रेकॉर्डिंग असेल, तर वायरच्या वेगाची चिंता सोडा.

अडतं ते सॅम्पल लायब्ररीपाशी, म्हणजे वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले सूर साठवलेले असतात तिथे. पियानोची कळ दाबली की नेमका तो सूर डिस्कवरून त्याच क्षणी उचलावा लागतो, आणि एका वेळी असे शेकडो सूर. फिरत्या तबकडीच्या डिस्कचं हेड जागेवर पोचायलाच दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या, चिपवरच्या डिस्कला) ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास पुरतं. म्हणून थंडरबोल्टचे जादा पैसे एसएसडीवर घाला. ५ जीबीपीएसच्या (सेकंदाला ५ गिगाबिट) यूएसबी पोर्टवर साधी साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडीही सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास देते. फिरती डिस्क बॅकअपला उत्तम, स्वस्तही.

खोक्यावर यूएसबी ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. वेग तोच, ५ जीबीपीएस. एकाच बाळाची तीन बारशी!

टाइप-सी हा मात्र फक्त पिनेचा आकार, वेग नव्हे. आमचे एक ग्राहक नवी एसएसडी 'स्लो आहे' म्हणून परत घेऊन आले. डिस्क ठणठणीत होती. जोडली होती मोबाइलच्या चार्जिंग केबलने. अशा बहुतेक केबली डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने नेतात. डिस्कसोबत आलेली केबल जपा.

डिस्क आणि ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) एकाच स्वस्त हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीवर, लावू नका. दोघांना लॅपटॉपचे वेगवेगळे पोर्ट द्या. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००; त्यात दोन उपकरणं जगवायची म्हणजे आवाजात टकटक आलीच. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना वायरलेस माउस अडखळायला लागला, तर माउसचा रिसीव्हर डिस्कपासून लांबच्या पोर्टला लावा. दोघांची २.४ गिगाहर्ट्झवर गाठ पडते.

कपाटात जुनी फायरवायर (यूएसबीसारखीच, पण आता मागे पडलेली जोडणी) डिस्क पडून असेल, तर ते पोर्ट असलेलं मशीन हाताशी आहे तोवर गाणी उतरवून घ्या.

मॅक आणि विंडोज दोन्हींवर काम करत असाल, तर डिस्क एक्सफॅटमध्ये (दोन्हींना वाचता-लिहिता येणारी फाइल मांडणी) फॉरमॅट करून मागा. मॅक एनटीएफएस (विंडोजची मांडणी) वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटची डिस्क मात्र इजेक्ट न करता ओढलीत, तर अख्खं सेशन जाऊ शकतं.

खरेदीला येताना लॅपटॉप घेऊन या, निदान त्याच्या पोर्टचा फोटो आणा. तुमचाच एखादा प्रोजेक्ट डिस्कवर उघडून, वाजवून दाखवू.