घडी पडते तिथेच पाणी गळतं

कॅम्पिंगसाठी घडीची पाण्याची पिशवी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, किती लिटरची? माझी नजर आधी घडीवर जाते. भरल्यावर फुगेल, रिकामी झाली की मिटेल आणि मिटते तिथे फुटणार नाही, असं काहीतरी माणूस फार जुन्या काळापासून शोधतो आहे.

सुरुवात कातड्यापासून झाली. बकऱ्याचं अख्खं सोललेलं कातडं, पाय बांधून टाकलेले आणि मान हेच तोंड, ही झाली मशक. आजच्या इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या इ.स.पू. 9व्या शतकातल्या असिरियन शिल्पांत फुगवलेल्या कातड्यांच्या आधाराने नदी पोहून जाणारी माणसं कोरलेली आहेत. कातड्यात हवा कोंडून ठेवण्याची विद्या तेव्हाच हाती आलेली होती. पण कातडं वाळलं की घडीवर तडकतं, ओलं ठेवलं तर कुजतं, आणि पाण्याला वास येतो तो वेगळाच.

मग कापड आलं. पाण्याच्या कापडी पिशवीला म्हणतात तो ‘छागल’ हा शब्द मुळात संस्कृतातल्या ‘छाग’ म्हणजे बोकडावरून आला. कातडं जाऊन कॅनव्हास आला तरी नाव तेच राहिलं. जवसाच्या धाग्याचं जाड कापड भिजलं की धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं बुजत जातात. तरी थोडं पाणी पाझरतंच. ते वाऱ्यावर उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. गळणं इतकं उपयोगी पडलेली दुसरी पिशवी मला माहीत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम लायस्टर यांच्या नावाची कॅनव्हासची पिशवी सैन्यात आली. तिकाटण्याला टांगलेली, सुमारे 136 लिटरची, खाली नळ, आणि पाणी शुद्ध करायला आत क्लोरीनची पूड. आज फांदीला टांगून नळ सोडायची पिशवी पाहिली की मला तीच आठवते.

रबराचं थोडक्यात सांगतो. 1823 मध्ये मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. ते थंडीत ताठ आणि उन्हात चिकट व्हायचं. गुडइयर यांच्या 1844 च्या व्हल्कनायझेशनच्या, म्हणजे गंधकासोबत रबर तापवून ते टिकाऊ करण्याच्या, पेटंटमागच्या शोधाने ती अडचण दूर केली, पण रबराची चव पाण्यात उतरायची ती उतरतच राहिली.

27 मार्च 1933 रोजी इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत, भलत्याच प्रयोगाच्या तळाशी, मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. हेच पॉलिथिन. 1955 मध्ये विल्यम शोल यांनी बॅटरीचं ॲसिड नेण्यासाठी खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी बसवली, आणि पुढे तीच कल्पना पिण्याच्या द्रवांसाठीही वापरात आली. पॉलिथिन हलकं आणि स्वस्त. पण त्याची पिशवी रोज त्याच रेघेवर मिटली की ती रेघ पांढरी पडते. जुनी पिशवी उजेडासमोर धरून बघा: दोन पांढऱ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्या कोपऱ्यात बारीक थेंब धरलेला असतो.

नायलॉनवर टीपीयूचा, म्हणजे एका लवचिक प्लॅस्टिकचा, थर दिलेल्या पिशव्यांना ठरलेली घडीच नसते. त्या गुंडाळायच्या, दर वेळी थोड्या वेगळ्या, त्यामुळे ताण एकाच रेघेवर येत नाही. महाग पडतात, तरी मी त्याच निवडेन. मात्र भरलेल्या 10 लिटरचं वजन 10 किलो होतं; ते हँडलच्या जोडावर येतं, म्हणून तो जोड रुंद पट्टीचा हवा. आणि तोंड असं हवं की हात मनगटापर्यंत आत घालून कोपरे फडक्याने कोरडे करता येतील. मशकेच्या मानेतून ते कधीच जमत नसे.