दुसऱ्यांदा लिगामेंट बसवलं म्हणजे गुडघा गेला?

नागपुरात रेशीमबागच्या मैदानावर कबड्डी खेळणारा पोरगा गुडघा धरून बसला की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, पहिलं ऑपरेशन फसलं ना? मग दुसऱ्यात काही दम नाही राहत." हे अर्धंच खरं आहे.

गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारं लिगामेंट (ACL) तुटलं की त्याच्या जागी टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, तुकडा बसवतात. हाच ग्राफ्ट. तो तुटून दुसरी शस्त्रक्रिया झाली, तरीही बहुतेकांचा गुडघा स्थिर होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १,२०५ रुग्ण होते. ज्यांचा दोन वर्षांनंतरचा तपशील मिळाला, त्यांच्यात नवा ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचं प्रमाण जेमतेम ३.३ टक्के निघालं. मात्र पहिल्या ऑपरेशनइतका निकाल सहसा मिळत नाही, कारण तोवर गादी आणि कूर्चा झिजलेली असते. जुन्या जोमाने मैदानात परतणारेही कमीच.

दुसरा गैरसमज जास्त चिवट: "आपला टेंडन एकदा तुटला, आता दात्याचाच टाका." उलट, त्याच अभ्यासात स्वतःचा टेंडन वापरलेल्यांमध्ये पुन्हा तुटण्याची शक्यता दात्याच्या टेंडनपेक्षा २.७८ पटींनी कमी होती. मांडीमागचा वापरून झाला असेल तर गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा वाटीवरचा टेंडन घेता येतो, गरज पडल्यास दुसऱ्या पायाचाही.

आणि पहिला ग्राफ्ट का तुटला, हे कोणी विचारतच नाही! कधी हाडातलं छिद्र चुकीच्या जागी पडलेलं असतं, कधी पोरगा चौथ्याच महिन्यात चढाईला उतरलेला असतो. ग्राफ्टला हाडात रुजायला, लिगामेंटसारखं व्हायला वेळ लागतो. नऊ महिन्यांआधी मैदान नको, तेही मांडीची ताकद तपासूनच.