मेल उघडला की मेलला उत्तर आलं? सांगली-साताऱ्याच्या प्रॉपर्टी एजंटांनी कोणता आकडा धरावा

विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत प्रॉपर्टीचं काम करणारे जे एजंट आता ईमेल पाठवायला लागलेत, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "चाळीस टक्के लोकांनी मेल उघडला, पण साइट बघायला एक पार्टी आली नाही." त्यावरून लगेच ठरून जातं की ईमेल आपल्याकडे चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच बरं. मला वाटतं, इथं दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून मोजल्या जातायत. मेल उघडला जाणं ही एक गोष्ट आणि मेल वाचून माणसानं उत्तर पाठवणं ही दुसरी. पहिल्या आकड्यात यंत्रांची भर असते. दुसरा आकडा लहान दिसतो, पण त्यातला एकेक जण खरा असतो आणि धंदा त्याच्याशीच होतो.

ओपन रेट, म्हणजे शंभरातल्या किती जणांनी मेल उघडला हा आकडा, मोजतात कसा, हे एकदा बघून घेऊ. मेल पाठवणारी सेवा प्रत्येक मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं, एका पिक्सेलएवढं चित्र घालते. समोरच्यानं मेल उघडला की ते चित्र सेवेच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे 'उघडला' अशी नोंद पडते. म्हणजे मोजलं जातं ते चित्र मागवणं. वाचलं की नाही, हे कुणीच मोजत नाही.

आता हे चित्र मागवायला माणूसच लागतो असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये खासगीपणा जपणारी सोय आणली. ती चालू असली की अ‍ॅपलचे सर्व्हर मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतात. फोनच्या मालकानं तो मेल वाचला काय किंवा न बघता डिलीट केला काय, तुमच्याकडे 'उघडला' हीच नोंद येते. पत्ता जीमेलचा असला तरी आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जोडलेला असेल तर हेच होतं. उलट बाजूनंही आकडा फसवतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये बाहेरून आलेल्या मेलची चित्रं बहुधा बंद असतात, तिथं एखाद्यानं तुमचा मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला तरी नोंद होत नाही. जीमेल तर डिसेंबर २०१३ पासून चित्रं गुगलच्या स्वतःच्या सर्व्हरमधून दाखवतं, त्यामुळे मेल कुठल्या गावातून उघडला हेही कळायची सोय राहिलेली नाही.

समजा तुमच्या यादीत ४०० पत्ते आहेत. रिपोर्ट सांगतो १६० जणांनी मेल उघडला, म्हणजे ४० टक्के. यातले आयफोनवाले किती, त्यातल्या किती जणांनी खरंच बघितला, हे वेगळं काढता येत नाही. आपल्या यादीत पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आणि आखातात गेलेले लोक बरेच असतात, त्यांच्यात आयफोन कमी नाहीत. याच मेलला ८ उत्तरं आली तर ते २ टक्के. ४० पुढं २ अगदीच किरकोळ वाटतात. पण त्या आठांपैकी एक बिगरशेती परवानगीचा कागद मागतो, "एनए ऑर्डरची कॉपी पाठवाल का?" दुसरी ताई लिहिते, "रविवारी गावी येतोय, बघायला मिळेल का?" हे दोघं तुमचं या आठवड्याचं काम आहेत.

लिंकवरचा क्लिक या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. तो ओपनपेक्षा बरा, पण कंपन्यांच्या मेल-व्यवस्थेत मेल आत घेण्याआधी लिंक तपासणारी सॉफ्टवेअर असतात आणि तीही क्लिक करतात. मेल पोचल्या पोचल्या एकाच कंपनीच्या चार-पाच पत्त्यांवरून सगळ्या लिंकवर क्लिक आलेले दिसले, तर ती माणसं नव्हेत हे ओळखावं.

खरा फरक पडतो तो मेल लिहिताना. ओपन वाढवायचा म्हटलं की सगळा जोर विषयाच्या ओळीवर जातो: "सांगलीत स्वप्नातलं घर! फक्त ३ प्लॉट शिल्लक!!" आत फ्लेक्सवर असतं तसं मोठं रंगीत चित्र, फोन नंबर, बास. असा मेल उघडला जाईलही, पण त्याला उत्तर काय द्यायचं? विचारलेलं काहीच नाही आणि ज्याची शंका आहे ते सांगितलेलंही नाही.

सांगलीत प्लॉट घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका पाण्याची असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०२१ च्या जुलैत परत पूर आला. त्यानंतर इथला माणूस दर विचारायच्या आधी "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" हे विचारतो. पुण्यात राहणाऱ्या मुलानं प्लॉट पसंत केला तरी गावभागातले वडील हेच विचारणार. मग ही गोष्ट मेलच्या पहिल्या ओळीतच का असू नये? उत्तर येण्यासाठी लिहिलेला मेल मी असा लिहीन:

विषय: २ गुंठे प्लॉट, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं ते आत लिहिलंय

"नमस्कार सर,
शंभर फुटी रस्त्यापासून आत एक प्लॉट विक्रीला आहे. क्षेत्र २ गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट. एनए ऑर्डर आणि मंजूर ले-आउट आहे, गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय पाडलेला) नाही. समोरचा रस्ता ९ मीटर. २०१९ ला समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, प्लॉटवर चढलं नव्हतं. २०२१ ला रस्त्यावरही आलं नाही. शेजारच्या दोन घरांत विचारून हे लिहितोय, तुम्ही आलात की त्यांच्याशी बोलणं करून देतो. ७/१२ आणि ले-आउटचा नकाशा सोबत जोडलाय. मालकी तपासल्याचा सर्च रिपोर्ट तयार आहे.
तुम्हाला घर लगेच बांधायचंय की प्लॉट घेऊन ठेवायचाय? तेवढं कळवलंत तर त्याप्रमाणे पुढचं पाठवतो."

यात चित्र नाही. साध्या मजकुराचा मेल गेला तर त्यात मोजणीचं पिक्सेलही नसतं, म्हणजे ओपन रेट दिसणारच नाही. चालेल. शेवटी एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बसस्टॉपवर उभ्या उभ्या चार शब्दांत देता येतं. दोन-तीन प्रश्न एकदम विचारले की माणूस "निवांत लिहू" म्हणून बाजूला ठेवतो आणि ते राहूनच जातं. पाण्याबद्दल लिहिलेलं मात्र शब्दन्‌शब्द खरं हवं. पूररेषेचा प्रश्न असेल तर तेही साफ लिहावं: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि प्लॉट या दोन्हींच्या कुठल्या बाजूला येतो. हे लपवून मिळवलेली पार्टी वकिलाच्या टेबलावर परत जाते.

साताऱ्याकडे हाच प्रश्न बदलतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या बाजूला जमीन शोधणारे बरेच जण मुंबई-पुण्याचे असतात आणि त्यांना शेतजमीन हवी असते. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा साधारणपणे शेतकरी असावा लागतो, कूळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. म्हणून तिकडच्या मेलचा शेवटचा प्रश्न सरळ असावा: "तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर ७/१२ आहे का?" 'हो' म्हणणाऱ्याला जमिनी दाखवा, 'नाही' म्हणणाऱ्याला एनए प्लॉट दाखवा. एका ओळीच्या उत्तरानं दोघांचाही पाचगणीच्या घाटातला फुकटचा हेलपाटा वाचतो. ओपन रेटवरून हे काहीच कळलं नसतं.

ओपनच्या मागं लागण्याचा एक तोटा नंतर दिसतो, पण महागात पडतो. आकडा फुगवायला एजंट कुठून तरी दोन-पाच हजार पत्त्यांची यादी विकत घेतात आणि भडक विषय टाकून पाठवून देतात. ज्यांनी कधी काही विचारलेलं नाही ते लोक 'स्पॅम' दाबतात. गुगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवं, मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणारी ही सेटिंग आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, वर डीमार्क (या तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोयही लागते. आपल्या ४०० च्या यादीत ०.३ टक्के म्हणजे जेमतेम एक माणूस. दोघांनी स्पॅम दाबलं की हिशेब ०.५ टक्क्यावर जातो. त्यानंतर ज्या ताईंनी स्वतःहून प्लॉटची चौकशी केली होती, त्यांनाही तुमचा मेल स्पॅममध्ये मिळतो. विकतच्या यादीचा दुसरा प्रश्न संमतीचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा पायाच मुळी संमती हा आहे, आणि विकत घेतलेल्या यादीतल्या माणसानं तुम्हाला ती कधी दिलेली नसते.

याच ओघात दोन गोष्टी सांगून टाकतो. घाऊक पाठवणाऱ्या सेवेतून मेल पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा ठेवू नका. स्वतःचं डोमेन घ्या, खर्च फार नसतो आणि मेल पोचण्यात मोठा फरक पडतो. आणि 'नो-रिप्लाय' असला पत्ता तर अजिबात नको. उत्तर हवंय म्हणायचं आणि उत्तराचं दार बंद ठेवायचं, हे कसं चालेल?

महारेराचंही, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचंही, ध्यानात असू द्या. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कुठल्याही माध्यमातल्या प्रसिद्धीला लागू होते, त्यात ईमेलही आला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहीरच करता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. मेलमध्ये हा क्रमांक तळाला बारीक अक्षरात कोंबण्यापेक्षा वर लिहा. बाहेरगावचा खरेदीदार तो क्रमांक महारेराच्या साइटवर टाकून बघतो आणि मगच तुम्हाला लिहितो. हे मी पुण्याच्या पार्ट्यांकडून थेट ऐकलंय.

मग ओपन रेट बघायचाच नाही का? बघा, पण एकाच कामासाठी. आपलाच मागचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवा. दर वेळी पस्तीस-चाळीसच्या आसपास असणारा आकडा एकदम दहावर आला, तर मेल स्पॅममध्ये जाऊ लागलाय किंवा डोमेनच्या सेटिंगमध्ये काही बिघडलंय. त्यापुढं त्यातून अर्थ काढू नये. 'या विषयाला ४२ टक्के, त्या विषयाला ३९' असली तुलना चारशेच्या यादीत निरर्थक आहे, तेवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. एखाद्याच्या नावापुढं 'उघडला' जास्त वेळा दिसलं म्हणून त्याला लगेच फोन लावणं तर त्याहून वाईट. "सर, तुम्ही आमचा मेल तीनदा उघडलात" असं ऐकल्यावर समोरचा चमकतो, आणि त्यानं तो कदाचित एकदाही उघडलेला नसतो.

उत्तरांचा हिशेब ठेवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने पुरतात: कोणत्या मेलला उत्तर आलं, काय विचारलं, आपण कधी कळवलं, साइट बघितली का. दोन-तीन महिन्यांनी हे पान उघडलं की दिसायला लागतं, दराच्या मेलला उत्तरं कमी येतात की कागदपत्रांच्या, एनएवाले जास्त लिहितात की फ्लॅटवाले. पुढचा मेल त्यावर बेतायचा. आणि उत्तराला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. माणूस एका वेळी तीन-चार एजंटांना विचारत असतो. ७/१२ आणि नकाशा ज्याच्याकडून आधी पोचतो त्याचाच मेल तो भावाला, वकिलाला, बँकेला पुढं पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातो, मेल मात्र सहा महिन्यांनीही शोधला की सापडतो. प्रॉपर्टीत ईमेल टिकून आहे तो यामुळे.

राहिले ते लोक, जे वर्षभर 'उघडला' या रकान्यात दिसतात पण एक अक्षर लिहीत नाहीत. त्यांना एकच साधा मेल पाठवावा: "सर, सांगलीत जागा बघताय अजून? नसाल तर तसं कळवा, यादीतून नाव काढतो." काही जण 'नको' लिहितील, त्यांचं नाव त्याच दिवशी काढा. एखादा लिहील, "सध्या नाही, दिवाळीनंतर बघू." हे वहीत लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर त्याला मेल करा. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही, त्यांचीही नावं काढून टाका. यादी ४०० वरून २५० वर आली तरी बिघडत नाही.