कामाचे तास : करआकारणी आणि उत्पादकता

दर तासाची उत्पादकता वाढली की कालांतराने मजुरी वाढते. मजुरी वाढली की फुरसतीचा प्रत्येक तास महाग पडतो आणि माणूस अधिक काम करू पाहतो. यास अर्थशास्त्रात पर्यायता परिणाम म्हणतात. त्याच वेळी कमी तासांत पूर्वीएवढी कमाई होत असल्याने फुरसत परवडूही लागते. हा उत्पन्न परिणाम होय. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये दुसऱ्या परिणामावर भिस्त ठेवून शंभर वर्षांनी आठवड्याला १५ तासांचे काम पुरेल, असे भाकीत केले होते. उत्पन्नवाढीचा त्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला, तासांचा मात्र फसला.

कराचे काम मजुरीवाढीच्या उलट चालते, कारण तो जादा तासाची हाती पडणारी कमाई घटवतो. येथे केवळ प्राप्तिकर पाहून भागत नाही. सामाजिक सुरक्षेची वर्गणी आणि वस्तूंवरील करही मोजावे लागतात, कारण मजुरी अखेर खर्चण्यासाठीच मिळवलेली असते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड प्रेस्कॉट यांनी २००४ मध्ये हाच हिशेब मांडला. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्स व जर्मनीतील कामाचे तास अमेरिकेपेक्षा कमी नव्हते, परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बरेच मागे पडले, आणि या घटीचे जवळजवळ सारे श्रेय त्यांनी करांना दिले. फ्रान्समधील दर तासाची उत्पादकता तेव्हा अमेरिकेच्या तोडीची होती, म्हणजे फरक कौशल्याचा नव्हता.

हे स्पष्टीकरण आटोपशीर आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्तच. कामगारांचे प्रत्यक्ष वर्तन पाहणाऱ्या अभ्यासांत, विशेषतः ऐन वयातील पुरुषांबाबत, करांना मिळणारा प्रतिसाद प्रेस्कॉट यांच्या गृहीतकापेक्षा पुष्कळ सौम्य दिसतो. अर्थशास्त्रज्ञ आल्बेर्तो आलेसिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील कमी तासांसाठी कामगार संघटना, भरपगारी रजा आणि कामाच्या वेळेचे कायदे यांकडे बोट दाखवले. कर उतरला म्हणजे लोक हातातले काम वाढवतात, हे आइसलँडमध्ये दिसले खरे: करवसुलीची पद्धत बदलताना १९८७ चे उत्पन्न करमुक्त राहिले आणि त्या वर्षी लोकांनी अधिक काम केले. पण एकाच वर्षाची सवलत काम पुढेमागे सरकवण्यास उद्युक्त करते; त्यावरून कायमच्या करदराचा परिणाम काढणे धोक्याचे ठरते.

कराचा पैसा कोठे जातो, हेही निर्णायक असते. स्वीडन, डेन्मार्क येथे कर जड असूनही स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण उंच आहे, कारण त्यातून अनुदानित पाळणाघरे चालतात आणि आई कामावर जाऊ शकते.