‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे भरवशाचा पॉवर सप्लाय नव्हे

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर ‘८० प्लस गोल्ड’चा शिक्का दिसला की तो टिकाऊ, असं सर्रास सांगितलं जातं. शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर गोल्डला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के गाठावे लागतात. म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते, एवढंच. चाचणीही साधारण २३ अंश सेल्सियसला होते. बंद कॅबिनेटमध्ये इतका गारवा कुठला!

टिकाऊपणा ठरतो दुसऱ्याच गोष्टींवर. १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत हवा, ही एटीएक्स या पीसी-मानकाची मर्यादा. चांगले सप्लाय पूर्ण भारावरही ५०च्या खाली राहतात. रिपल वाढला की मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डवरचे कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) तापून लवकर निकामी होतात. सप्लायमधले कपॅसिटर १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारे आहेत का, ओव्हरकरंट आणि शॉर्टसर्किट संरक्षण खरोखर चालतं का, हे खोलून आणि भार देऊन केलेल्या परीक्षणातच कळतं. तेही नेमक्या त्याच मॉडेलचं, त्याच वॅटचं वाचा. एकाच मालिकेतल्या ५५० आणि ८५० वॅटच्या सप्लायची आतली रचना वेगळी असू शकते. परीक्षण मिळालंच नाही, तर तीन वर्षं वॉरंटीच्या गोल्डपेक्षा सात वर्षं वॉरंटीचा ब्राँझ (‘८० प्लस’चीच गोल्डखालची श्रेणी) बरा.